आत वळवलेला आरसा

माळशेज घाटाच्या पायथ्याशी, मोरोशीच्या टपरीवर सात चहा सांगितले. चहावाल्याने सात ग्लास ओळीने मांडले, भरले, आणि सातवा ग्लास कुणी उचललाच नाही. तेव्हा कळलं की मोटरसायकली सहाच आल्यात. त्या ग्लासातली वाफ विरली, चहावर सायीचा पापुद्रा धरला, आणि सगळे आपापला चहा फुंकत रस्त्याकडे बघत राहिले. पाऊस भुरभुरत होता. भैरवगडाची उभी भिंत कमरेपर्यंत ढगात होती. फोन लागत नव्हता. वीस मिनिटं वाट बघून दोघं मागे गेले, तर सातवी गाडी वैशाखऱ्याच्या अलीकडे एका बांधाला टेकवून ठेवलेली सापडली. क्लचची केबल लिव्हरपाशी तुटलेली. गाडीचा मालक डोक्यावर इरलं घेतलेल्या एका आजोबांकडून यंदाच्या आवणीची खबर घेत उभा होता. पोरगा नवखा, ग्रुपबरोबर पहिल्यांदाच आलेला. हॉर्न मारून मारून दमला होता बिचारा.

केबल तुटल्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. केबल तुटतेच. डोक्यात राहिलं ते वेगळंच. त्याच्या लगेच पुढे जी गाडी होती, तिचा उजवा आरसा आत, टाकीकडे वळवलेला होता. सकाळी शहाडच्या पुलावर टेम्पो आणि रिक्षाच्या मधून गाडी काढताना त्या गाडीवाल्याने तो आत घेतला, आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर त्या आरशात त्याला स्वतःच्या रेनकोटचं बटण दिसत राहिलं.

मुंबईत गाडी चालवणाऱ्याचं आरशाशी जरा वाकडंच असतं. आपल्याकडे गाडीची रुंदी मोजायची ती हँडलने, आणि हँडलपेक्षा आरसे दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त. त्या चार बोटांसाठी बसच्या पत्र्याला घासणं, रिक्षावाल्याची आई-बहीण ऐकणं, हे रोजचं. म्हणून काही जण आरसे काढूनच टाकतात, काही जण शोभेचे चपटे आरसे हँडलच्या टोकाला लावतात, आणि बाकीचे सिग्नलला बोटाने आत ढकलतात. शहरात ते खपून जातं. शहरात मागे कोण आहे हे बघायची गरज नसते, कारण मागे सगळेच असतात. मुरबाड सुटलं की रस्ता मोकळा होतो आणि मागे मोजून एक दिवा असतो. तो दिसतोय की नाही, एवढंच बघायचं असतं.

आरसा लावणं हेही एक काम आहे, आणि ते गाडीवर बसूनच होतं. स्टँडवर लावलेल्या गाडीशेजारी उभं राहून केलेलं सेटिंग फुकट जातं. जॅकेट, रेनकोट, पाठीवरची सॅक, सगळं अंगावर चढवून, दोन्ही पाय टेकवून बसायचं. क्षितिज आरशाच्या मधोमध, आणि आतल्या कडेला आपला खांदा जेमतेम नखभर. बऱ्याच जणांच्या अर्ध्या आरशात स्वतःचं कोपर असतं, आणि ते घेऊन ते तीनशे किलोमीटर जाऊन येतात. खालचा नट बहुतेक गाड्यांना चौदा नंबरचा. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचा आटा उलटा असतो, म्हणजे आरशाला धक्का बसला तर तो तुटायच्या ऐवजी सैल होऊन फिरतो. हे ठाऊक नसलेला माणूस आवळायला म्हणून जोर लावतो, आरसा आणखी सैल होतो, मग तो आणखी जोर लावतो आणि शेवटी गॅरेजवाल्याला शिव्या देतो.

सात गाड्यांची रांग केवढी लांब होते ते एकदा कागदावर मांडून बघावं. सरळ रस्त्यावर गाड्या एकामागोमाग न चालवता आडव्यातिडव्या चालवतात: पहिला उजव्या चाकोरीत, दुसरा डाव्या, तिसरा परत उजव्या. आपल्या चाकोरीतल्या पुढच्या गाडीपासून २ सेकंदांचं अंतर, तिरक्या गाडीपासून १ सेकंदाचं. लेनचा मधला पट्टा शक्यतो सोडायचा, कारण ट्रकांचं ऑइल गळतं ते तिथेच. घाट आला, पाऊस आला, धुकं आलं की मात्र सरळ एका रांगेत यायचं आणि प्रत्येकाने २ सेकंद सोडायचे. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. सात गाड्यांमध्ये सहा फटी, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर. माळशेजला एवढ्या अंतरात दोन वळणं सहज बसतात. पुढच्याला शेवटचा दिसणं शक्यच नसतं. त्याने तशी अपेक्षाही करू नये. त्याने दुसऱ्याकडे बघावं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मागचा दिवा आरशातून गेला की वेग कमी करायचा, तरी आला नाही तर कडेला थांबायचं. पाचवा थांबला की चौथ्याच्या आरशातून पाचवा जातो, तोही थांबतो, आणि असं करत दोन-तीन मिनिटांत अख्खी रांग उभी राहते. याला ना फोनची गरज, ना हेल्मेटमधल्या इंटरकॉमची. या साखळीत एक आरसा आत वळलेला असला की तिथून पुढचे सगळे बिनघोर मोरोशीला जाऊन चहा सांगतात.

सातवा ग्लास तसाच.

क्रम कसा लावायचा यावर दरवेळी थोडी कुरबूर होते. सगळ्यात मोठं इंजिन असलेल्याला पुढे राहायचं असतं आणि त्यालाच पुढे ठेवू नये. पुढचा तो, ज्याला रस्ता माहीत आहे आणि घाई नाही. दुसऱ्या नंबरवर सगळ्यात नवखा किंवा सगळ्यात लहान गाडीवाला, म्हणजे पुढच्याला आरशात तोच दिसतो आणि वेग आपोआप त्याच्या बेताने राहतो. शेवटी जो असतो त्याला सगळे चेष्टेने शेपूट म्हणतात, पण पाने, पक्कड, पंक्चर किट आणि औषधांचा डबा त्याच्याकडेच हवा. बंद पडलेली गाडी त्याच्या वाटेत येते. पुढच्यांच्या येत नाही. त्या दिवशी नवखा शेवटी होता आणि पान्यांची पिशवी दुसऱ्या नंबरवर. सगळं बरोबर उलटं. नवख्याला मागे का ठेवलं, तर ‘त्याला दडपण येऊ नये’ म्हणून. पण मागच्यालाच सगळ्यात जास्त पळावं लागतं. गतिरोधक ओलांडून पहिला साठचा वेग धरतो तेव्हा शेवटचा अजून पंधरावर, गतिरोधकाच्या अलीकडे असतो. ती फट भरायला त्याला ऐंशी गाठावा लागतो, आणि गाठतो न गाठतो तोच पुढे परत ब्रेकचे दिवे. मुरबाडपर्यंत किती गावं आणि किती गतिरोधक आहेत ते त्या वाटेने जाणाऱ्याला सांगायला नको.

आता केबल. मला वाटतं तीही घाटाखाली तुटली असं म्हणणं चुकीचं आहे. ती तुटायला लागली भिवंडी बायपासला, आणि निम्मी गेली शहाडच्या पुलावर, जिथे तो आरसा आत गेला. मुलुंड चेकनाक्याहून पहाटे पाचला सुटलं तर बायपास, कोनगाव, दुर्गाडीचा पूल, शहाड हे उजाडायच्या आत मागे पडतं. सहा वाजले की ट्रक हलायला लागतात, आणि मग कल्याण सोडेपर्यंत डाव्या हाताला शेकडो वेळा क्लच दाबावा लागतो. केबलच्या टोकाला धातूचं बोंडूक असतं, ते लिव्हरच्या खोबणीत फिरायला हवं. तिथलं ग्रीस वाळलं की बोंडूक अडकतं, आणि दर दाबाला तार त्याच्या मुळाशी वाकते. एक एक धागा तुटत जातो. सूचना आधी मिळते: लिव्हर जड लागतो, कधी हलकीशी करकर जाणवते, केबलचा ताण जुळवायचा अॅडजस्टर दोनदा फिरवूनही परत ढिला पडतो. लिव्हरवरची रबरी टोपी मागे सरकवून बघितलं तर एखादा धागा केसासारखा बाहेर आलेला दिसतो. तो दिसला की निघायच्या आधीच केबल बदलायची. लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिलिमीटर खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवायचा. अजिबात नसेल तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो, चढावर प्लेटी घासतात आणि करपल्याचा वास येतो. फार असेल तर गिअर खटकन पडतो आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही.

लांबच्या वाटेला जाणारे जुने लोक एक युक्ती करतात. नवी केबल डिकीत ठेवत नाहीत, जुनीच्या शेजारून तिच्याच मार्गाने इंजिनपर्यंत ओवून, दोन्ही टोकांना तेलाचं बोट लावून, चिकटपट्टीने बांधून ठेवतात. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. टाकीखालून पावसात केबल ओवत बसायला लागत नाही. बदलताना दोन्ही अॅडजस्टर आत घ्यायचे, वरच्या अॅडजस्टरची खाच लिव्हरच्या खाचेशी जुळवायची, बोंडूक काढायचं, नवं बसवायचं. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं. वळवताना लिव्हर ताणला गेला तर केबल कुठेतरी चुकीच्या बाजूने गेली आहे. हे न बघता निघालेला पहिल्या आखूड वळणावर अडकतो.

आणि केबल नसली तरी गाडी चालते, हे त्या पोराला कुणी सांगितलं असतं तर तो मोरोशीपर्यंत आला असता. इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा, लिव्हर दाबून (केबल तुटलेली असली तरी, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत स्टार्टरचा स्विच लिव्हरपाशीच असतो) स्टार्टर मारायचा. गाडी उसळी मारून चालायला लागते, तेवढी तयारी ठेवायची. वरचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडून पायाने उचलायचं, खालचा टाकताना किंचित पिळून दाबायचं. थांबायच्या आधी चालत्या गाडीत न्यूट्रल. चढावर उभ्या गाडीला हे जमत नाही. तोंड उताराकडे फिरवावं लागतं. गर्दीत करायचा हा प्रकार नव्हे. पण वैशाखऱ्याच्या सपाट रस्त्यावर करायला काही हरकत नव्हती.

घाटात जे बिघडतं त्यातलं निम्मं घरी, आदल्या रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कळण्यासारखं असतं. चेन मधोमध धरून वरखाली करायची, दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. जास्त हलली तर स्प्रॉकेटवरून उतरायची भीती, कमी हलली तर दोघं बसल्यावर ताणून बेअरिंग खाते. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसायची. पेट्रोल नको, त्याने कड्यांमधली रबरं जातात. मग ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडायचं, आणि हे रात्रीच, म्हणजे ते मुरतं. सकाळी निघताना ओतलेलं मागच्या टायरवर उडतं. हवा गार टायरला बघायची. आकडा कंपनीच्या स्टिकरवर असतो, एकट्याचा वेगळा, दोघांचा वेगळा. आणि ट्यूब असलेल्या, तारांच्या चाकाच्या गाडीला पंक्चरच्या पट्ट्या कामाच्या नाहीत, तिला नवी ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या लागतात. हे लिहायला नको, पण सात जणांत सात पट्टी-किट आणि ट्यूब एकही नाही, असा ग्रुप विरळा नाही.

सामानाचं थोडक्यात: जड ते खाली आणि पुढे, रबरी दोराचं प्रत्येक टोक मोजून लावायचं, लोंबतं टोक चेनमध्ये गेलं की मागचं चाक जाम. झग्यासारखा रेनकोट टपरीपर्यंत जायला ठीक, गाडीवर तो शिडासारखा फुगतो. पँट-शर्टचा वेगळा घ्यावा, आणि पँट बुटाच्या बाहेरून, नाहीतर पाणी थेट बुटात.

मोरोशी सोडली की रस्ता डोंगराच्या पोटात शिरतो आणि हवाच बदलते. खाली भातखाचरांचा चिखलाचा वास, वर ओल्या कातळाचा, आणि मध्येच कुठल्यातरी वळणावर कुणाच्या तरी क्लचप्लेटचा. हेल्मेटच्या आतला स्पंज भिजून गालाला गार लागतो, हातमोज्यातली बोटं पांढरी, सुरकुतलेली. बोगद्याच्या तोंडावर पाण्याची धार सरळ टाकीवर पडते आणि तापलेलं इंजिन चर्र करतं. इथेच सगळ्यांना थांबायचं असतं, आणि इथेच थांबू नये. पावसाळ्यात प्रशासन अनेकदा धबधब्यांपाशी बंदी घालतं, त्याला पोलिसांची कटकट म्हणण्यात अर्थ नाही. जे पाणी वरून येतं ते दगडही आणतं. फोटोच काढायचे तर माथ्यावर, खुबी फाट्याच्या बाजूला, पिंपळगाव जोग्याचं पाणी दिसतं तिथे भरपूर जागा आहे.

वळणांची गंमत अशी की पाऊस सुरू होतो तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. धूळ आणि ऑइल तरंगून वर येतं, अजून वाहून गेलेलं नसतं. तासभर झोडपून पडल्यावर डांबर बरं धरतं. पांढरे पट्टे, खडीचे ठिगळ, शेणाचे पो, आणि ऊन न पोहोचणाऱ्या वळणातली शेवाळी झाक, यांवर ब्रेक लावायचा नाही, गाडी आडवी करायची नाही, सरळ उभी ठेवून पार व्हायचं. ब्रेक जो काय तो वळणाच्या आधी, गिअरही आधी. वळणात फक्त हलका अॅक्सिलरेटर आणि नजर वळणाच्या बाहेर पडायच्या टोकाकडे. खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यातच जातो. समोरून एसटी आली तर ती वळणात दोन्ही लेन घेणार. लांब गाडीची मागची चाकं आतून कापतात, ड्रायव्हरचा दोष नसतो. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायदाही आहे आणि रीतही. धुक्यात डिप्परवर चालवायचं. अप्परचा उजेड धुक्यावरूनच परत डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालवायची फॅशन आली आहे, पण मग वळणार कुठे ते मागच्याला कसं कळणार.

माथ्यावरून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत भंडारदरा आणि घोटीवरून कसारा उतरायचा, असा दोन दिवसांचा सुंदर वळसा होतो. कळसूबाई एका हाताला ठेवून जाणारा तो रस्ता स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. एका दिवसाचे लोक मात्र आल्या वाटेने उतरतात, आणि उतार हा चढापेक्षा अवघड. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, वेग इंजिनने धरायचा, ब्रेक मधूनमधून, घट्ट आणि थोडा वेळ. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजून भेटतात. मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवणारे तर प्रत्येक ग्रुपमध्ये एक. त्याला वाटतं आपण सावध आहोत. ड्रम असेल तर लायनर तापून गुळगुळीत होतो आणि धरत नाही. डिस्क असेल तर उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत जाते. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल पितं, आणि पुरेसं पाणी प्यायलेल्या तेलाची हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल सरळ खाली. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं, भले किलोमीटर झाले नसोत. असं झालं तर थांबून गार होऊ द्यायचं, वर पाणी मारायचं नाही. तापलेली डिस्क वाकते.

त्या दिवशी उतरताना क्रम बदलला होता. नवखा दुसऱ्या नंबरवर, पान्यांची पिशवी शेवटी. मोरोशीला परत चहा झाला, सात ग्लास, सातही रिकामे.

शहाडला पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ, आणि पुलावर सकाळच्या दुप्पट कोंडी. ओल्या डांबरावर लाल दिवे, डंपरचा धूर, रिक्षांचे हॉर्न. एकामागून एक सगळ्यांचे आरसे आत गेले. त्याशिवाय वाटच नव्हती. पूल उतरल्यावर तो नवखा पोरगा मान वळवून ओरडला, “आरसे!” कुणी ऐकलं, कुणाला इंजिनांच्या आवाजात ऐकू आलं नाही. दुर्गाडीच्या सिग्नलला सातही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा मोजले. तेरा बाहेर होते.